वाचकांचे प्रश्न : आधी सतरंजी, मग वही

मुलांच्या सुट्टीतल्या लेखन-नाट्य शिबिरांबद्दल प्रश्न मागवले होते. पत्रं बहुतेक बडोद्यातूनच आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरं लेखनवाल्यांनी आणि नाटकवाल्यांनी मिळून लिहिली आहेत. दोघांचं जिथे जमलं नाही, तिथे दोन्ही मतं तशीच ठेवली आहेत.

आमच्या मंडळाला मे महिन्यात आठ ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी दहा दिवसांचं शिबिर घ्यायचं आहे. गोष्टी लिहिणं आणि उत्स्फूर्त नाट्य, दोन्ही. हॉल आहे, माइक आहे, चाळीस नावं आली आहेत. सुरुवात कुठून करू?
*– मंडळाचे एक कार्यकर्ते, दांडिया बाजार*

चाळीस नावांपासूनच करा. ती वीसवर आणा, नाहीतर वीस-वीसच्या दोन तुकड्या करा. हिशेब साधा आहे. दोघांचा एक नाट्यप्रवेश दोन मिनिटांचा धरला तर वीस मुलांच्या दहा जोड्यांना वीस मिनिटं लागतात, उठबस धरून तीस. चाळीस मुलं असली की तास जातो आणि त्या तासात प्रत्येकाच्या वाट्याला दोनच मिनिटं येतात. आठ वर्षांचं मूल पंधराव्या मिनिटाला सतरंजीवर आडवं होतं आणि विसाव्या मिनिटाला शेजाऱ्याच्या चपला लपवतं. त्यात त्याची काही चूक नसते.

तुकड्या वयाने पाडा: आठ ते दहा आणि अकरा ते तेरा. एकत्र ठेवलं तर मोठी मुलं गोष्ट ठरवून मोकळी होतात आणि लहानांना झाड नाहीतर कुत्रा करतात. मोठी माणसं तीन लागतात. एक प्रवेश करवून घेणारा, एक वह्यांकडे बघणारा आणि तिसरा पाणी, स्वच्छतागृह, दार आणि घ्यायला आलेले पालक सांभाळणारा. शिबिर बहुतेक वेळा या तिसऱ्या माणसावाचून अडतं.

वेळ सकाळी साडेसात ते दहा. मेमध्ये बडोद्याचा पारा ४२ अंशांपर्यंत चढतो, आणि संध्याकाळचं शिबिर सोयीचं वाटलं तरी पाच वाजता स्लॅब तापलेला असतो, मुलं दुपारच्या झोपेतून उठून चिडचिडी आलेली असतात. हॉलमध्ये वीस फूट बाय तीस फूट मोकळी जमीन हवी. पंखे मध्यम ठेवा, पूर्ण वेगात कागद उडतात आणि बारीक आवाजाची मुलं ऐकूच येत नाहीत. माइक कपाटात ठेवून कुलूप लावा. हातात माइक आला की मूल समोरच्या पात्राशी बोलायचं सोडून माइकशी बोलायला लागतं.

साहित्य थोडंच लागतं. दोन मोठ्या सतरंज्या. बिनहाताच्या चार लाकडी खुर्च्या (प्लॅस्टिकच्या नकोत, मूल त्यावर चढलं की पाय फाकतात). सहा जुन्या ओढण्या, ज्यांचा पदर, नदी, बाळ, फेटा काहीही होतं. जमिनीवर रंगमंचाची रेघ आखायला खडू. थांबायची खूण म्हणून एक पितळी थाळी आणि चमचा. शिट्टी वाजवली की मुलांना पीटीचा तास वाटतो, म्हणून ती नको. प्रत्येकाला शंभर पानी वही, दोन शिसपेन्सिली आणि चिमट्याचं कडक पॅड. खोडरबर मुद्दाम देऊ नका. नको ते आडव्या रेघेने खोडायचं, नाहीतर पहिल्या ओळीवरच वीस मिनिटं जातात. वही रेघी असावी की कोरी, यावर आमच्यात एकमत नाही. लेखनवाल्यांना रेघी हवी. नाटकवाल्यांना कोरी, कारण प्रवेशाच्या जागेचा नकाशा काढता येतो. पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा एक जार पुरतो, दुसरा भरून तयार ठेवा.

रोजची घडी अशी: पंधरा मिनिटं अंग मोकळं करणं. मग चाळीस मिनिटं खेळ आणि छोटे प्रवेश. दहा मिनिटं पाणी. वीस मिनिटं लेखन. दहा मिनिटं जोडीदाराला वाचून दाखवणं. मग पाऊण तास लिहिलेलं पुन्हा उभं करणं, आणि शेवटची दहा मिनिटं गोल करून गप्पा. लेखन मध्येच का, असं पालक विचारतील. सुरुवातीला ठेवलं तर ती शाळा वाटते आणि मुलं ‘माझी सुट्टी’ छापाचा निबंध लिहितात. शेवटी ठेवलं तर हात घामेजलेले असतात आणि लक्ष दाराशी उभ्या आईकडे असतं. मध्ये ठेवलं की नुकतंच अंगाने केलेलं काहीतरी गाठीशी असतं आणि लिहिलेलं लगेच करून बघायला मिळणार हेही माहीत असतं. सगळ्या घडीत न मोडण्यासारखी गोष्ट हीच एक: जमीन, वही, पुन्हा जमीन. बाकी मिनिटं इकडची तिकडे झाली तरी बिघडत नाही.

फीचं विचाराल तर आधी हॉलचं भाडं आणि तीन माणसांचं मानधन मांडा, त्याला अठराने भागा. वीसने नको, दोन मुलं मामाच्या गावाला जाणारच. साहित्याचा खर्च यात सगळ्यात कमी असतो.

मुलगा अशाच एका शिबिराला जातोय. म्हणतो, ‘संवाद नसतात, आपणच काहीतरी बोलायचं.’ दुसऱ्या दिवशी मी डोकावले तर सगळे एकमेकांना खोटं खोटं मारत होते आणि हसत होते. याला नाटक म्हणायचं का?
*– एक आई, मांजलपूर*

दुसऱ्या दिवशी सगळीकडे मारामारीच असते. कारण मुलांना सुरुवात आणि शेवट असलेली एकच कृती ठाऊक असते, ती ही. पाचव्या दिवशीही तेच चाललं असेल तर मात्र शिबिर घेणाऱ्याला विचारा.

उत्स्फूर्त नाट्यात संवाद ठरलेले नसतात, बाकी बरंच ठरलेलं असतं. कोण, कुठे आणि काय चाललंय, या तीन गोष्टी प्रवेशाआधी ठरतात. ही पद्धत बाहेरून आलेलं खूळ आहे असंही समजू नका. कोकणातल्या दशावतारात आख्यान ठरतं आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात. इकडे गुजरातेत भवाई या लोकनाट्यातला रंगलो, म्हणजे विदूषक, समोरच्या प्रेक्षकांकडे बघून बोलणं फिरवतो. मुलांच्या शिबिरात त्याचे लहान लहान खेळ होतात, इतकंच.

पहिला नियम: समोरच्याने दिलेलं घ्यायचं आणि त्यात भर घालायची. जवळून बघा. दोन मुली, जागा न्हाणीघर.

– काकू, तुमच्या बादलीत मगर आहे.
– नाही, काही नाहीये त्यात.

प्रवेश मेला. पहिलीने दिलेली एकुलती एक वस्तू दुसरीने फेकून दिली. आता पहिली फक्त ‘आहे’ म्हणू शकते, दुसरी ‘नाही’, आणि तिसऱ्या वाक्याला धक्काबुक्की. तीच सुरुवात पुन्हा:

– काकू, तुमच्या बादलीत मगर आहे.
– हळू बोल गं. बाहेर पाहुणे बसलेत.
– पण त्यांना आंघोळीला जायचंय ना?
– म्हणूनच तर आधी हिला घासतेय.

यात ‘हो’ कुणीच म्हटलं नाही, तरी मगर मान्य झाली. पाहुणे आले, घाई आली, काकूंच्या हाताला काम आलं. विश्वामित्री नदीतल्या मगरी पावसाळ्यात सोसायटीत शिरल्याच्या बातम्या बडोद्यातली मुलं ऐकतच वाढतात, त्यामुळे मगर पहिल्याच दिवशी येते. तिला येऊ द्या.

दुसरा नियम हाताचा. तोंड उघडण्याआधी दहा सेकंद हाताने काम करायचं: पोळ्या लाटायच्या, पंक्चर काढायचं, दोरीवर कपडे वाळत घालायचे. खरी वस्तू हातात नसते, पण तिचं वजन आणि आकार दिसला पाहिजे. लाटणं हातात धरलंय तर मुठी बंद हव्यात. हात कामात असले की बोलणं आपोआप त्या कामाचं होतं आणि मारामारी निम्मी होते. उरलेल्या निम्मीसाठी नियम: मारामारी एक हात अंतरावरून आणि अगदी सावकाश, जणू पाण्याखाली. सावकाश मारताना मुलांना चेहरा सांभाळावा लागतो, आणि आपण अभिनय करतोय हे त्यांच्या लक्षात येतं.

आणखी दोन दोष हमखास दिसतात. एक, सगळे प्रश्नच विचारतात. ‘हे काय आहे?’ ‘तू कोण?’ म्हणजे गोष्ट रचायचं काम समोरच्यावर ढकलणं. उपाय: अर्धा तास प्रश्नबंदी, माहितीच द्यायची. ‘हे काय आहे?’ऐवजी ‘आजोबांची कवळी सापडली.’ दोन, एखादा विनोदी मुलगा जोडीदाराकडे पाठ करून सतरंजीवरच्या मित्रांना हसवत बसतो. त्याला दटावू नका. त्याला अशी भूमिका द्या, ज्यात बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघावंच लागतं: डोळ्यांचा डॉक्टर, पासपोर्टचा फोटो काढणारा.

शिक्षकाने प्रवेश थांबवून भाषण करू नये. चालू प्रवेशातच बाहेरून दोन-तीन शब्द टाकायचे: ‘हात काय करतायत?’, ‘तिच्याकडे बघ’, ‘उकडतंय तुला’. मुलं न थांबता ते घेतात. तुम्ही डोकावलात तेव्हा असा आवाज येत नसेल, नुसती हसाहस चालली असेल, तर तक्रारीला जागा आहे.

घरी मराठी, मित्रांत गुजराती, शाळा इंग्रजी. आमची मुलगी मराठी लिहिते तेव्हा अर्धी अक्षरं गुजराती असतात. अशा शिबिरात तिची पंचाईत होईल का? की शिबिरानेच शुद्ध मराठी शिकवावं?
*– एक पालक, कारेलीबाग*

बडोद्याच्या शिबिरात अशीच मुलं जास्त असतात, त्यामुळे ती एकटी पडणार नाही. तिच्या वहीत नेमकं काय होतं ते आधी बघू. गुजरातीत शिरोरेघ नाही. ती न काढता देवनागरी लिहिलं की भ आणि म, घ आणि ध यांची गल्लत होते आणि ‘भाऊ आला’ हे ‘माऊ आला’ असं वाचलं जातं. गुजरातीत ए आणि ओ ही दोन्ही अक्षरं अ-वरच मात्रा देऊन लिहितात, म्हणून ती ‘एक’ऐवजी ‘अेक’ लिहिते. (यात लाजण्यासारखं काही नाही. सावरकरांनी लिपिसुधारणेत हीच अ-ची बाराखडी सुचवली होती.) ज, झ, फ, ब यांची वळणं दोन लिप्यांत वेगळी आहेत, तिथे हात सवयीच्या वळणाकडे जातो. ळ मात्र दोन्हीकडे आहे, त्यामुळे इथल्या मुलांचा ळ सहसा पक्का असतो.

शिबिरात वही तपासायची नाही. लाल शाई तर नाहीच. लिहिलेलं मोठ्याने वाचायचं, आणि ते कानाला मराठी असलं की त्या दिवसापुरतं पुरे. ‘भाऊ’चं ‘माऊ’ जोडीदाराने वाचलं की मूल स्वतःच शिरोरेघ ओढतं. वह्यांकडे बघणाऱ्याने रोज घरी जाताना सगळ्यांच्या वहीत सर्वांत जास्त वेळा दिसलेली तीन अक्षरं टिपून ठेवावीत आणि दुसऱ्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात मोठी काढून ठेवावीत. त्यावर बोलायचं नाही. दहा दिवसांत सत्तावीस अक्षरं होतात. एखादं मूल सगळंच गुजराती लिपीत लिहीत असेल तर लिहू द्या, अशा मताचे आमच्यात बहुतेक आहेत. एकाचं म्हणणं, पहिले तीन दिवसच.

संवादांचा नियम वेगळा. पात्र ज्या भाषेत बोलेल, त्याच भाषेत संवाद. भाजीवाल्या बेन ‘केटलुं आपुं?’ म्हणतील, आजी ‘पाव किलो द्या, आणि मिरची वरून’ म्हणेल. गुजराती वाक्य देवनागरीतच लिहायचं. मधलं कथन मराठीत. हे लादलेलं बंधन वाटत नाही, कारण मुलं दिवसभर तेच करत असतात.

दोन भाषांमध्ये अडकलेले शब्द तर प्रवेशासाठी आयते असतात. मराठीत ‘खाली’ म्हणजे तळाशी, गुजरातीत रिकामं. ‘डबा खाली आहे’ म्हटल्यावर एक मूल पलंगाखाली वाकतं आणि दुसरं दुकानात लाडू आणायला निघतं. ‘माझी बारी’ म्हणजे मराठीत माझी पाळी, गुजरातीत माझी खिडकी. असे शब्द मुलांकडूनच गोळा करवा. तिसऱ्या दिवशी फळ्यावर दहा-बारा होतात, आणि त्यातल्या एकेका शब्दावर दोन मिनिटांचा प्रवेश उभा राहतो.

नाट्यखेळांना भाषेचं वावडं नाही, ते यातूनच आले आहेत. अमेरिकेत व्हायोला स्पोलिन यांनी शिकागोमध्ये मुलांबरोबर काम करताना हे खेळ रचले. त्यांच्यासमोरची बरीच मुलं स्थलांतरितांच्या घरची होती, घरची भाषा एक आणि गल्लीची दुसरी. तोंडी सूचना आणि पाठांतर तिथे चालेना, म्हणून नियम असलेला खेळ. कारेलीबागेतल्या मुलीला तो परका वाटायचं कारण नाही.

बारा वर्षांची मुलगी वही उघडून बसते आणि ‘काही सुचत नाही’ म्हणते. शिबिरात नेमकं काय लिहायला देतात? घरी करता येईल का?
*– एक वाचक, वाडी*

‘सुचेल ते लिही’ म्हटलं की कुणालाच सुचत नाही. मोठ्यांनाही नाही. लहान, आवळलेलं काम द्यावं लागतं. शिबिरात चालणारी काही:

न थांबता लिहिणं. मोठ्यांना सात मिनिटं, लहानांना चार. पेन्सिल उचलायची नाही. सुचलं नाही तर शेवटचा शब्द पुन्हा पुन्हा लिहायचा. ‘बादली बादली बादली’ असं तीनदा लिहून कंटाळलेला हात चौथ्यांदा दुसरंच काही लिहितो. हे लिखाण कुणाला दाखवायचं नसतं.

जागेची यादी. एका जागेच्या बारा गोष्टी, पण डोळ्यांना दिसणाऱ्या चारच. बाकी आठ कान, नाक आणि त्वचेच्या. खंडेराव मार्केट सकाळचं. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत पुस्तकांच्या मांडण्यांमधल्या काचेच्या फरश्या, वर कुणी चाललं की खालून कसं वाटतं. कमाटीबागेतल्या संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा आहे, इजिप्तची ममी आहे. पण संग्रहालय उशिरा उघडतं, सकाळच्या शिबिरात बसत नाही. ते पालकांवर सोडा. बागेत न्यायचं तर सात वाजता, आणि वीस मुलांमागे चार मोठे.

लांबचे दोन शब्द. इटलीचे बाललेखक जान्नी रोदारी मुलांना एकमेकांशी संबंध नसलेले दोन शब्द द्यायचे आणि त्यांच्या टकरीतून गोष्ट काढायचे. मराठीत हे फार सोपं जातं, कारण आपल्याकडे काम विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं करतात. मगर आणि छत्री घ्या. मगरीची छत्री. छत्रीतली मगर. मगरीला छत्री. छत्रीसाठी मगर. छत्रीवाचून मगर. शब्दाची शेपटी बदलली आणि गोष्ट बदलली. मुलांना आधी पाच जोड्या करायला सांगा आणि मग ‘यातलं कोणतं तुला कळत नाही?’ असं विचारा. जे कळत नाही त्याचीच गोष्ट लिहायची.

आता मुख्य काम. आधी सतरंजी, मग वही म्हणतो ते हे. प्रवेश चालू असताना तीन मुलं बाजूला टिपणकार म्हणून बसतात. त्यांनी फक्त कानावर पडलेली वाक्यं लिहायची, जशीच्या तशी, जास्तीत जास्त दहा. ‘मग त्या भांडल्या’ असा सारांश चालत नाही. प्रवेश संपला की त्या वाक्यांची नक्कल प्रवेश करणाऱ्यांना द्यायची. ते वहीचं पान उभं दुमडून दोन रकाने करतात. डावीकडे बोललेलं वाक्य, उजवीकडे त्याच क्षणी मनातलं, न बोललेलं. मघाच्या प्रवेशात डावीकडे ‘हळू बोल गं, बाहेर पाहुणे बसलेत.’ उजवीकडे एखादी मुलगी लिहील, ‘पाहुणे आले की हिला नेमकी मगर दिसते.’ दुसरी लिहील, ‘ही मगर मीच आणली हे हिला कळलं तर?’ झाली गोष्ट. पुढच्या पाऊण तासात तोच प्रवेश पुन्हा होतो, शब्द डावीकडचेच, पण करणारीला उजवा रकाना माहीत असतो. आवाज बदलतो, थांबे येतात. वीस मिनिटांपूर्वी ‘सुचत नाही’ म्हणणारीला या वेळी पान पुरत नाही, कारण तिला शोधायचं काही नसतं, आठवायचं असतं.

घरी दोघी असाल तरी जमतं. तुम्ही भाजीवाली व्हा, तिला गिऱ्हाईक करा, फोनवर आवाज रेकॉर्ड करा, तोच तुमचा टिपणकार.

लिखाणात जे बिघडतं ते बहुधा शेवटाला. ‘आणि मला जाग आली’, ‘तेव्हापासून त्याने खोटं बोलणं सोडलं’. हे शाळेने आणि आपणच शिकवलेलं असतं. शेवट बदल असं सांगू नका. शेवटच्या तीन ओळींवर हात ठेवून वाचायला सांगा. पुष्कळदा गोष्ट तिथेच संपलेली असते आणि मूल स्वतःच म्हणतं, हे बरंय.

मुलगा आठ वर्षांचा, बुजरा आहे आणि बोलताना अडखळतो. अशा शिबिराला पाठवावं का?
*– एक वडील, निजामपुरा*

पाठवा, पण बोलणं सुधारेल या आशेने नको. ते काम वाचा-उपचारतज्ज्ञाचं. शिबिर घेणाऱ्याला आधी एकट्यात सांगून ठेवा, मुलासमोर नको. पहिले काही दिवस त्याला थाळी वाजवायला, टिपणकार म्हणून किंवा पाऊस, रिक्षा, कुकर यांचे आवाज काढायला बसवता येतं. ही खरी कामं आहेत, दयेची नाहीत. सगळ्यांनी एकदम किंवा ठेक्यात बोलायच्या खेळांत अडखळणाऱ्या मुलांना बऱ्याचदा सोपं जातं, तिथून सुरू करावं. त्याचं वाक्य कुणी पूर्ण करायचं नाही, हा नियम नाव न घेता सगळ्यांसाठीच ठेवावा. आणि ‘आज मी बघतो’ म्हणायचा हक्क प्रत्येक मुलाला, रोज.

समारोपाला पालकांना ‘कार्यक्रम’ हवा आहे. वेशभूषा, प्रत्येकाला संवाद, पाहुण्यांचं भाषण. काय करावं?
*– मंडळाच्या चिटणीस, प्रतापनगर*

वेशभूषेला नाही म्हणा. एकदा टोप्या आणि मिश्या आल्या की सातवा, आठवा आणि नववा दिवस त्यातच जातो आणि मुलं आरशापुढून हलत नाहीत. दहाव्या दिवशी पंचेचाळीस मिनिटांची उघडी तालीम ठेवा. पाच-पाच मिनिटांचे चार प्रवेश, दीड-दीड मिनिटाची सहा वाचनं, आणि प्रेक्षकांनी सुचवलेल्या विषयावर चार-चार मिनिटांचे दोन प्रवेश. झाली सदतीस मिनिटं, आठ उठबशीला. प्रवेशांत तीन-तीन धरून बारा मुलं, वाचणारी सहा, थाळी आणि दिव्याचं बटण सांभाळणारी दोन. वीस झाली, कुणी राहिलं नाही. सुचवलेल्या विषयाला हात वर करेल तो. पाहुण्यांना प्रेक्षकांत बसवा आणि पहिली सूचना त्यांच्याकडून घ्या. भाषणाची हौस तिथे भागते.

चार प्रवेश सातव्या दिवशी निवडायचे. प्रत्येकाचा एका पानाचा कच्चा आराखडा: कोण, कुठे, काय बिघडतं. फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य पक्कं. शेवटचं का? थाळीवाल्याला खूण हवी, नाहीतर प्रवेश संपता संपत नाही. मधले संवाद पाठ करू देऊ नका. आदल्या दिवशी जिथे हशा आला तिथे मूल आज थांबून हशाची वाट बघतं, आणि तो येत नाही. असं दिसलं की तोच प्रवेश कुजबुजत करून घ्या, किंवा भूमिका अदलाबदल करा.

प्रेक्षकांना ‘काहीही सुचवा’ म्हणू नका. मागच्या रांगेतून ‘संडास’ येतं, नाहीतर पुढाऱ्याचं नाव. नेमकं विचारा: जिथे रांग असते अशी एक जागा सांगा. घरात नेहमी हरवणारी एक वस्तू सांगा.

फोन खाली ठेवायला सांगा, एकाच माणसाने चित्रण करावं. आणि मुलांचे व्हिडिओ ग्रुपवर टाकायचे असतील तर नाव नोंदवतानाच पालकांची लेखी परवानगी घ्यावी.

मुलं मोबाइलवर एआयकडून गोष्ट लिहून घेतात आणि वहीत उतरवून आणतात. ओळखायचं कसं?
*– एक शिक्षिका, गोत्री*

घरचा अभ्यास दिलात म्हणून ते झालं. वह्या हॉलमध्येच ठेवा. सकाळी आठ वाजता ज्या प्रवेशातून गोष्ट निघाली, तो मोबाइलने पाहिलेलाच नसतो.

शेवटी निवडक गोष्टींची पुस्तिका काढायची आहे. शुद्धलेखन दुरुस्त करावं का?
*– तेच कार्यकर्ते, दांडिया बाजार*

ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करा, पण मुलाला शेजारी बसवून. शब्द बदलू नका. ‘भिंतीला पोपडे आलेत’ याचं ‘भिंत जीर्ण झाली आहे’ करणारे संपादक मंडळात असतातच. त्यांना दूर ठेवा. कोणतं पान छापायचं हे मूल ठरवेल. उजव्या रकान्यातलं विचारल्याशिवाय अजिबात नको. तिथे घरातली भांडणं येतात आणि ती मंडळभर वाटायची नसतात. एखाद्या वहीत मारहाणीचं किंवा कुणी नको तसं वागल्याचं काही दिसलं तर ते ‘कल्पनाशक्ती’ म्हणून सोडू नका आणि चारचौघांत विचारूही नका. मुलाशी एकट्याने, शांतपणे बोला. गरज वाटली तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे.

पुस्तिका ए-फोर आकाराच्या चार कागदांत होते. मधून दुमडले की सोळा पानं. सगळ्यात बाहेरच्या कागदावर एका बाजूला १६ आणि १, दुसऱ्या बाजूला २ आणि १५. पुढच्यावर १४ आणि ३, मग ४ आणि १३, असं आत आत. प्रत काढायच्या आधी कोऱ्या कागदांवर नुसते आकडे घालून, दुमडून बघा, कारण तिसऱ्या कागदावर हमखास चुकतं. साधा स्टेपलर मधल्या घडीपर्यंत पोचत नाही. तो उघडून, कागदांखाली जाड पुठ्ठा ठेवून, बाहेरच्या बाजूने दोन टाचण्या माराव्यात, मग पुठ्ठा सोडवून आतली टोकं चमच्याने दाबावीत.